टाक्याचा मान

गावाचं नाव मी सांगत नाई. सांगतलं तं सरपंच म्हणतील, शीलानं आमच्यावरच रचलं. ते खरंच हाय, म्हणून नाव राहू द्या. मारेगावहून अकरा किलोमीटर, येष्टी दिवसातून दोनदा, तेही तिच्या मनात आलं तं. एवढं पुरे.

ज्या दोन-तीन वर्षांत कापसाचा भाव पार बसला, त्या वर्षांत आमच्या गावात बोंडापेक्षा जीपा जास्त आल्या. आज एक, उद्या दुसरी. कोणी संकरित गाय देऊन गेलं, ती आमच्या उन्हात पंधरा दिवसांत आडवी झाली. कोणी बायाइले मेणबत्त्या बनवाले शिकवून गेलं, विकाच्या कोणाले ते सांगाचं राहून गेलं. एक जण तं यवतमाळहून खास येऊन श्वास कसा घ्यावा ते शिकवून गेला, जसा काही इतके दिवस आम्ही तो शेजारून उसना आणून राह्यलो होतो. आम्ही सगळ्यायच्या सभेले गेलो. सभेत चिवडा भेटे.

पोळ्याच्या महिनाभर आधी उर्वशी मॅडमची जीप आली. पोरगी चांगली होती, हे आधीच सांगते, नाही तं तुम्ही म्हणसान शीलाले कोणीच चांगलं दिसत नाई. पुण्यात शिकलेली, यवतमाळच्या एका संस्थेत नोकरी, पायात जाड बूट. गावाबद्दल तिले इतकं प्रेम, की आम्हाले लाज वाटे. तिनं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा घेतली. म्हणे, विकतचं खत टाकू टाकू जमिनीचा सत्यानाश झाला. आता घरोघरचं उरलंसुरलं अन्न, भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा, सारं एका टाक्यात टाकाचं, वरून शेणकाला अन् मातीचा थर द्याचा, की चार महिन्यांत अख्ख्या गावाले पुरन असं खत. टाकं विटांचं, हवेसाठी भोकं ठेवलेलं, नाडेप पद्धतीचं. त्यात आम्हाले नवं काही नव्हतं. ही पद्धत आमच्या जिल्ह्यातच निघाली. गावात तीन वावरांत तशी टाकी होती अन् तिन्हीत सरडे राहत. नवं एवढंच, की सैपाकघरातलं उरलेलं साऱ्या गावानं एकत्र कराचं.

मॅडमनं विचारलं, एका घरी रोज किती अन्न उरते? बाया एकमेकीच्या तोंडाकडं पाहू लागल्या. तांड्यावरची लालीबाई माही जुनी मैतरीण, कापूस वेचाले आम्ही संगच जातो. ती उभी राह्यली अन् म्हणाली, आमच्याकडं उरलं ते बकरी खाते, बकरीनं सोडलं ते कोंबडी खाते, अन् कोंबडीनं सोडलेलं तुम्हाले पायजे असन तं मी शोधून पाहते. सगळे हसले. मॅडमनं तेही वहीत लिहून घेतलं.

पण वरच्या आळीत उरत होतं. सरपंचाच्या घरी उरे, दुकानदाराच्या घरी उरे, मास्तराच्या घरी उरे. मंग मॅडमनं पुढचं विचारलं, हे घरोघरी जाऊन गोळा कोण करणार?   वरच्या आळीच्या साऱ्या माना हळूहळू आमच्या कोपऱ्याकडं वळल्या. तिथं आम्ही बौद्धपुऱ्यातल्या अकरा बाया बसलो होतो. कोणी बोट दाखवलं नाई, कोणी नाव घेतलं नाई, पण पन्नास माना एकाच बाजूले वळल्या.

सरपंच बाबाराव उठले. आधी त्याइनं त्याइचं नेहमीचं वाक्य म्हटलं, आमच्या गावात जातपात नाई. हे वाक्य ते दर सभेत सुरुवातीले म्हणतात, नारळ फोडतात तसं. मंग म्हणाले, असं मोठं काम कष्टाळू, होतकरू बायाइच्याच हातून होते, म्हणून हा मान रमाई महिला बचत गटाले द्यावा, अन् शीलाबाई अध्यक्ष.

शीलाबाई! वीस वर्षं झाली मले या गावात नांदाले येऊन, त्या माणसानं मले "अवं ए" च्या पुढं हाक मारली नव्हती. मॅडमनं टाळ्या वाजवल्या, साऱ्या सभेनं वाजवल्या, अन् मी बावळट, मी हो म्हटलं. खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. शिवाय अर्धं खत गटाले भेटणार होतं. गावठाणातल्या पडीक तुकड्यात आम्ही अकरा जणी वांगे-मिरच्या लावत होतो, त्याले खताची गरज होती. पण खतासाठी हो म्हटलं असं मी नंतर सांगत फिरली. हो म्हटलं ते त्या "बाई"साठी.

जाता जाता बाबारावनं टाक्याची जागाही ठरवली. बौद्धपुऱ्याच्या टोकाले, विहाराच्या मागं, आमच्या घराच्या ओट्यापासून वीस पावलांवर. म्हणे, वारा गावातून तिकडं वाहते, म्हणजे वास गावात येणार नाई. आमचा पुरा गावात मोजत नाईत, हे मले त्या दिवशी नीट कळलं. मॅडमनं नकाशावर गोल काढला अन् खाली सही केली.

घरी आली तं बुढी ओट्यावर तूर निवडून राह्यली होती. बुढी म्हणजे माही सासू, नलूबाई. वय साठीचं, अंगानं काडी, पण तोंड उघडलं तं पोलिसही सायकलवरून उतरे. मी मोठ्या तोऱ्यात सांगतलं की मी अध्यक्ष झाली. तिनं विचारलं, कशाची? मी सांगतलं. मले वाटलं आता आभाळ फाटन. ती ओरडली नाई. तूर निवडत राह्यली अन् मंग एक गोष्ट सांगतली. वीस वर्षांत तिनं ती मले कधी सांगतली नव्हती.

तेव्हा बुढी दहा वर्षांची होती, माहेरी. रोज संध्याकाळी ती अन् तिची माय टोपलं घेऊन वरच्या आळीत जात, दारापासून लांब उभं राहत अन् "वाढा वं माय" म्हणत. कोणी वाढे, कोणी उद्या या म्हणे, कोणी कुत्र्याले टाकून झाल्यावर उरलेलं टाके. छप्पन साली दसऱ्याले तिचा बाप नागपूरले दीक्षेले गेला. आला तो आधी घरात नाई गेला, टोपलं बाहेर आणलं अन् अंगणात जाळलं. बायकोले म्हणाला, आता उपाशी मरू, पण उष्टं आणाचं नाई. त्या रात्री ते सारे खरंच उपाशी निजले. बुढी म्हणे, तशी झोप मले पुन्हा लागली नाई.

मी तिले समजवाले गेली. म्हटलं, आत्याबाई, ते वेगळं अन् हे वेगळं. हे कोणी खात नाई, हे किड्याइच्या पोटात जाते. हे शास्त्र हाय.

"कोणाच्या पोटात जाते ते मी नाई पाहत," बुढी म्हणाली. "कोणाच्या डोक्यावरून जाते ते पाहते."

मंग तिनं सांगून टाकलं. ज्या दिवशी या घरातली बाई वरच्या आळीतलं उष्टं आणाले निघन, त्या दिवसापासून ती माह्या हातचं खाणार नाई. माहा नवरा धम्मरत्न मारेगावात ऑटो चालवते. त्यानं दोघींचं ऐकलं अन् ऑटोत हवा कमी हाय म्हणून निघून गेला. दोन बायांच्या मधात पडाचं नाई, एवढं एक शहाणपण त्याच्यापाशी हाय.

मीही काही कमी हेकट नाई. संस्थेनं पत्र्याची ढकलगाडी देल्ली, गाडीले घंटी, आम्हाले हिरव्या टोप्या. नारळ फुटला, फोटो झाला, अन् मी घंटी वाजवत निघाली. दुपारी घरी आली तं अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली, त्यावर बुढीची भाकर. एकटीची. माह्या तव्यावरची भाकर टोपल्यात तशीच होती. मी म्हटलं, राहू द्या, दोन दिवसांत जाईन रुसवा. दोनाचे आठ झाले. पुऱ्यातल्या बाया येता-जाता ती चूल पाहत अन् मले काही विचारत नसत. विचारलं असतं तं बरं झालं असतं.

गाडीवरचं काय सांगू. पहिल्या दिवशी लोक हसून बोलले, दुसऱ्या दिवसापासून लांबून बोलले. वरच्या आळीत बादली हातात द्याची पद्धत नाई. बाई दारातून येई, मी गाडीपासून चार पावलं मागं व्हावं अशी नजर करे, मंग बादली वरून उलटी करे. कढी उडाली तं माह्या पदरावर. मास्तरीणबाईनं तं सांगूनच ठेवलं, घंटी जरा दुरून वाजव, देवाची आरती चालू असते. दुकानदाराची सून वरच्या माळ्यावरून नेम धरून टाके, अन् नेम चुके तेव्हा हसे. चांगल्या मनानं हसे बिचारी. या लोकाइच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तं मले खात होतं. त्याइले जन्मापासून जे येते तेच ते करत होते, फक्त आता त्याले शास्त्राचा हिरवा रंग देल्ला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबारावच्या घरापुढं घंटी वाजवली. त्याइची बायको कोकिळाबाई मनानं लोणी, सारं गाव सांगते. तिनं आधी बादली उलटी केली, खरकटं, सालं, सगळं. मंग आत गेली अन् कागदात बांधलेल्या पाच पुरणपोळ्या घेऊन आली. दोन कोरलेल्या होत्या, एका कडेले कोणाचे तरी दात लागले होते.

"हे टाक्यात नको टाकू व शीला, चांगल्या हायेत," ती म्हणाली. "घरी ने, लेकराइले दे."

असं म्हणून तिनं तो कागद माह्या पसरलेल्या हातावर वरून सोडला. हात मी पसरला होता. कवा पसरला ते मलेच समजलं नाई. पाच-सहा घरं मी तो कागद तसाच धरून फिरली. डोक्यात नुसती तिडीक. कोणी शिवी देल्ली असती तं मी दोन देल्ल्या असत्या. माया करणाऱ्या बाईले काय उत्तर द्यावं, ते मले कोणी शिकवलंच नव्हतं.

टाक्यावर आली अन् पोळ्या आत फेकल्या, वरून शेणकाला ओतला. बुढी ओट्यावरून पाहून राह्यली होती. संध्याकाळी तिच्या चुलीपाशी बसून तिनं एकच विचारलं, पोळी गोड होती का? मी घरात गेली अन् पीठ चाळता चाळता रडली. रागानं रडली, दुःख मले फारसं येत नाई.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली नाई. मॅडमले फोन लावला अन् सभा मागतली. सभेत साऱ्यायसमोर मॅडमले सरळ विचारलं, तुम्ही पुण्यात राहत होत्या तिथं हे काम कसं होत होतं? ती पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, हे मले माहीत होतं. तिनं सांगतलं, आमच्या सोसायटीत ज्याची त्याची बादली जो तो स्वतः खाली घेऊन येई, स्वतः टाके, अन् वहीत सही करे. कोणी डॉक्टर असो, कोणी वकील. मी म्हटलं, मंग आमचं गाव पुण्यापेक्षा मागं कायले ठेवता? मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटते त्या क्षणी तिले पहिल्यांदा कळलं की तिनं नकाशावर काय सही केली. कानापर्यंत लाल झाली. मंग उभी राहून म्हणाली, अध्यक्षांचं बरोबर आहे, उद्यापासून प्रत्येक कुटुंबानं स्वतः टाक्यावर यायचं, रजिस्टर ठेवायचं. नाव, काय आणलं, सही.

अन् टाकं कुठी? बौद्धपुऱ्याच्या टोकाले, विहाराच्या मागं, नलूबाईच्या ओट्यासमोर. जागा सरपंचानं स्वतः ठरवली होती. बाबाराव म्हणाले, जागेचा पुन्हा विचार करता येईन. मॅडम म्हणाली, बांधकाम झालं आहे, खर्च दाखवला आहे. सरपंचाइचं तोंड असं झालं, जसं दाताखाली खडा आला.

पुढचे पाच दिवस टाक्यावर चिमणी फिरकली नाई. फक्त आमच्या पुऱ्यातल्या बाया अन् तांड्यावरची लालीबाई. तिनं शब्द पाळला होता, बकऱ्याइच्या लेंड्या दोन टोपली आणल्या अन् रजिस्टरात अंगठा देल्ला. रजिस्टरापाशी बुढीले बसवलं. तिले लिहिता येत नाई, पण कोण आलं अन् कोण नाई आलं ते तिच्याइतकं कोणाच्या ध्यानात राहत नाई. ती सांगे, मी लिही. मी म्हटलं, आत्याबाई, गाडी सोडली, आता तं माह्या हातचं खा. ती म्हणाली, अजून नाई. ज्यानं तुले मान देल्ला तो इथी येऊ दे आधी. अन् चुलीत काडी सारली.

मंग कागद आला. जिल्ह्याची तपासणी समिती दिवाळीनंतर येणार, गाव स्वच्छतेचं बक्षीस देणार, अन् त्यात सामूहिक खताले जास्त गुण. बाबाराव बक्षिसासाठी चार वर्षांपासून झुरत होते. शेजारच्या गावाच्या सरपंचाचा फोटो पेपरात आला तेव्हापासून त्याइले नीट जेवण गेलं नव्हतं. त्याइनं वरच्या आळीत घरोघरी फिरून सांगतलं की बादल्या घेऊन जा.

अन् लोक आले. कसे आले ते पाहाले पायजे होतं. भरदुपारी, सारा पुरा कापूस वेचाले वावरात गेला असताना, बादली पिशवीत, पिशवी पदराखाली. मास्तरीणबाई पूजेच्या ताटावर टाकतात तसा क्रोशाचा रुमाल टाकून सालं घेऊन आली. दुकानदाराची सून स्कुटीवर, डिक्कीत स्टीलचा डबा, जसा काही नवऱ्याले जेवण पोचवून राह्यली. तिले टाक्यापाशी उभं राहून टाकता येईना, वरून नेम धरून टाकाची सवय लागली होती. बुढी ओट्यावर बसून प्रत्येकीले नाव विचारे. नावं तिले चाळीस वर्षांपासून पाठ होती, तरी विचारे. सालं नीट पसरवा बाई, वरून माती टाका बाई, सही करा बाई. कोणाले वाकडा शब्द नाई. उलट मास्तरीणबाईले ऊन लागलं तं तिनं पाणी विचारलं. मास्तरीणबाई म्हणे, उपास हाय. बुढी म्हणे, पाण्याचा पण? मास्तरीणबाई रुमाल विसरून गेली.

कोकिळाबाईही आली. ती लपून नाई आली, हे तिचं मानलं पायजे. बादली रिकामी केली अन् माह्याजवळ उभी राह्यली. म्हणाली, शीला, त्या दिवशीच्या पोळ्या लेकराइनं खाल्ल्या का? मी म्हटलं, टाक्यात टाकल्या. तिले काहून ते कळलं नाई. काहून ते मी सांगतलं. तिनं सही केली अन् गेली. त्यानंतर ती रोज आली. तिचा राग मले आता येत नाई, थोडासा येते.

आले नाईत ते बाबाराव. रजिस्टरात कुटुंबप्रमुखाची सही पायजे होती, ते कोकिळाबाईच्या हाती निरोप पाठवत, सरपंचाले कामं असतात. बुढी तो निरोप ऐके अन् तिच्या चुलीवर भाकर टाके. तीन महिने झाले, आमच्या घरात दोन चुली. लोक मले विचारू लागले, वेगळे निघाले का?

समितीचा दिवस आला. सकाळी बाबाराव पांढरे कपडे घालून टाक्यावर हजर, हातात कोरी स्टीलची बादली, स्टिकरही काढलं नव्हतं. आत केळीची सालं अन् मेथीची देठं, अशी बारीक कापलेली की कोशिंबीर वाटे. मागून दोन जीपा आल्या. समितीचे मोठे साहेब, दोन बाया, उर्वशी मॅडम, फोटोवाला. बाबारावनं बादली टाक्यात ओतली, फोटोसाठी पुन्हा वर उचलून पुन्हा ओतली, अन् साहेबाइले म्हणाले, आमच्या गावात जातपात नाई साहेब, सारं गाव या पुऱ्यात येते.

साहेबाइनं टाकं पाह्यलं, भोकांत हात घातला, तळाचं तयार होत आलेलं खत मुठीत घेऊन वास घेतला. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास असं काही मी म्हणणार नाई, खताचा वास खतासारखाच येते. पण चांगलं झालं होतं. साहेबाइनं रजिस्टर चाळलं अन् खुश झाले. तेवढ्यात बुढीनं आपल्या तीन दगडाच्या चुलीवर चहा केला. ज्या चुलीवर ती तीन महिने एकटीची भाकर टाकत होती, त्याच चुलीवर. कपबशा कमी पडल्या तं लालीबाईनं तांड्यावरून आणल्या.

साहेबाइनं चहा घेतला, समितीच्या बायाइनं घेतला, मॅडमनं घेतला. बुढी शेवटचा कप घेऊन बाबारावपुढं गेली. साऱ्यायसमोर नाई म्हणता येईना. घेतला. त्या घराण्यानं आमच्या पुऱ्यात पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आता कप हातात, अन् समोर फोटोवाला. हसले. ओठाले लावल्यासारखा केला. साहेब दुसऱ्या बाजूची भोकं मोजून राह्यले होते. तेवढ्यात बाबाराव टाक्याच्या कडेले टेकले, मनगट हळूच वाकडं केलं, अन् सारा चहा सालांवर ओतला. मंग रिकामा कप तोंडाजवळ धरून "वा" म्हणाले.

मी पाह्यलं. मॅडमनं पाह्यलं. मॅडमनं डोळे खाली केले. माह्या ओठावर शिवी आली होती. पण बुढीनंही पाह्यलं होतं, अन् ती माह्या आधी बोलली. आवाज चढवला नाई, रोज दुपारी रजिस्टर सांगे तसा साधा.

"शीला, लिव. बाबाराव, सरपंच. चहा, एक कप."

साहेब वळले. त्याइले काही उमजलं नाई. म्हणाले, "आजी, चहा कशाला लिहिता?"

"ओला कचरा हाय साहेब," बुढी म्हणाली. "आत्ता टाकला त्याइनं. जो टाकते त्याचं नाव लिवाचं, असं मॅडमनं सांगतलं हाय."

साहेबाइनं बाबारावच्या हातातला रिकामा कप पाह्यला. मंग टाक्यात पाह्यलं. मेथीच्या देठांवरून चहा अजून ओघळून राह्यला होता, दुधाची साय एका सालीवर चिकटली होती.  फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला, त्याले तेवढी समज होती. मी लिहिलं. माहं अक्षर चांगलं हाय, त्या दिवशी आणखी चांगलं काढलं. मंग रजिस्टर बाबारावपुढं धरलं अन् पेन देल्ला.

"सही करा, सरपंचसाहेब," बुढी म्हणाली. "तीन महिने तुमचीच राह्यली होती."

त्याइनं केली. समितीसमोर करा लागली. पेन घेताना त्याइच्या बोटाले माहं बोट लागलं, अन् दोघांपैकी कोणालेच काही झालं नाई.

बक्षीस भेटलं, तिसरं. ते पुढं उन्हाळ्यात. प्रमाणपत्रावर छापून आलं, स्वच्छता व सामाजिक सलोखा. बाबारावनं ते काचेत बसवून ग्रामपंचायतीत लावलं अन् आता सभेत आधी तिकडं बोट दाखवतात, मंग वाक्य म्हणतात. रजिस्टर मात्र माह्याजवळ हाय. मॅडमनं दोनदा मागतलं, मी देल्लं नाई.

पण त्या दुपारचं सांगाचं राह्यलं. जीपा गेल्या, धूळ बसली, लालीबाई कपबशा मोजून घेऊन गेली. मी टाक्यावर माती टाकून आली तं बुढीनं चुलीवर पाणी ओतलं होतं. तिन्ही दगड एकेक करून उचलले अन् कुंपणाशी नेऊन टाकले, मी मदतीले गेली तं हात झटकला. मंग पदरानं हात पुसत घरात आली, तीन महिन्यांत पहिल्यांदा माह्या चुलीसमोर पाट घेतला अन् बसली.

"भूक लागली व," म्हणाली. "टाक माही भाकर."